चीफकाकांचं बाद मत

लिफ्टमध्ये शिरलं की ते आधी भिंतीला तळहात लावायचे. बटण दुसऱ्या कुणीतरी दाबायचं. दोन मजले जाईपर्यंत डोळे मिटून उभे राहायचे आणि मग शेजारच्या माणसाला, तो चिनी असो, मलाय असो की आपला, शांतपणे सांगायचे की बेअरिंग जायला आलंय. शेजारचा माणूस पुढच्या मजल्यावर उतरून जायचा. त्याला तिथे उतरायचं असायचं असं नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आयुष्य यंत्रांच्या संगतीत गेलेलं, त्यामुळे माणसांची विचारपूसही त्याच भाषेत. भेटल्यावर ते "कशी आहेस?" असं विचारत नसत. "प्रेशर किती?" असं विचारत. सिंगापूरला आल्यावर पहिल्यांदा त्यांची गाठ पडली तेव्हा मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, रक्तदाबाचं विचारतोय. मी खरा आकडा सांगितला. त्यांनी खिशातली छोटी वही काढून तो टिपून घेतला आणि म्हणाले, "वरचा ठीक आहे. खालच्यावर लक्ष ठेव."

सव्वीस वर्षं ते बोटींवर होते, त्यातली बरीचशी चीफ इंजिनिअर म्हणून. बोटी सोडल्यावर जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हौगांगमध्ये नवव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. घरात ते आणि काकू. आम्ही सगळे त्यांना चीफकाका म्हणायचो. मी आमच्या मराठी मंडळाची खजिनदार, सभासदांची यादी माझ्याकडे, त्यामुळे त्यांचं खरं नाव मला माहीत होतं. पण ते इथे लिहून उपयोग नाही. वाचून कुणीही ओळखणार नाही.

आमचं मंडळ लहान, शंभर-सव्वाशे घरांचं. गणपती, दिवाळी, एखादी सहल. आणि दर रविवारी सकाळी तोआ पायोहमध्ये भाड्याच्या एका खोलीत मुलांची मराठी शाळा. शाळा म्हणजे चाळीसेक मुलं, तीन हौशी शिक्षिका आणि एक फळा. शिक्षिका पगार घेत नसत, पण खोली भाडं मागायची. ते भाडं रॅफलमधून यायचं, आणि रॅफल म्हणजे चीफकाका.

दरवर्षी रीतसर परवाना काढून ते तिकिटं छापून घेत. पहिलं बक्षीस मुंबईचं विमानाचं तिकीट, दुसरं राइस कुकर, तिसरं हापूसची पेटी. नोकरीत होते तोवर कंपनीच्या बसमध्ये तिकिटं विकायचे. जुरोंग आयलंडवर पासशिवाय शिरता येत नाही, त्यामुळे बसमधला प्रत्येक माणूस रोज तोच, आणि पळून जायला वाव नाही. निवृत्त झाल्यावर ते जुरोंगच्या एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनबाहेर, जिथे या बस थांबतात तिथे, सकाळी तिकीटबुक घेऊन उभे राहू लागले. त्यांचं एकच वाक्य होतं. "तुला लागलं नाही, तर शाळेला लागलं." यावर माणूस पाकीट काढायचा. मी स्वतः सहा वर्षं तिकिटं घेतली आणि सहाही वर्षं शाळेला लागलं.

मंडळाची घटना लिहिली तेव्हा त्यांनी त्यात एक कलम घालून घेतलं होतं. रॅफलचं उत्पन्न फक्त शाळेसाठी. ते बदलायचं तर सर्वसाधारण सभेत गुप्त मतदान आणि किमान दोन तृतीयांश मतं. एवढ्याशा मंडळाला एवढं मोठं कुलूप कशाला, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं. वाटलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या, कारण बाहेर जेवण मांडलं होतं.

मग आम्ही पुण्याहून नाटक आणलं.

त्या नाटकाबद्दल मी फार बोलणार नाही. अकरा माणसं आली, त्यांची विमानं, हॉटेल, नाट्यगृहाचं भाडं. नाटकात एक सोफा होता, तो इथेच भाड्याने घ्यावा लागला. ठरलेल्या तारखेलाच क्रिकेटचा अंतिम सामना निघाला. अर्धं नाट्यगृह रिकामं, आणि जे आले त्यांतले निम्मे मांडीवरच्या फोनमध्ये स्कोअर पाहत होते. वर्षअखेरीस मंडळाला चांगलीच तूट आली. पुढचा गणपती कुठल्या हॉलमध्ये बसवायचा हा प्रश्न उभा राहिला. वर्गणी वाढवायची सूचना मी मांडली तेव्हा कार्यकारिणीतली सगळी माणसं एकदम छताकडे बघायला लागली.

मी आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. एका रकान्यात खड्डा दिसला की दुसऱ्या रकान्यातून माती आणायची सवय. रॅफलचा रकाना समोर दिसत होता. ठराव मीच लिहिला: रॅफलचं उत्पन्न गरजेनुसार मंडळाच्या तुटीसाठी वापरण्यास मुभा असावी. 'गरजेनुसार' हा शब्द घातल्यावर मला स्वतःलाच तो ठराव फार समंजस वाटला.

चीफकाकांना तो वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला. रागावले नाहीत. पुढच्या वर्षी तूट येणार नाही याची मला खात्री आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खात्री कशी देणार. तेव्हा ते म्हणाले, "मग ही गळती आहे. गळती कुठून होतेय ते शोधायचं सोडून तू टाकीत पाणी ओततेस. आणि पाणीसुद्धा मुलांच्या बाटलीतलं."

मुलांच्या बाटलीचं वाक्य मला लागलं. पण ठराव मी मागे घेतला नाही.

सभेला सहा आठवडे होते. मी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेख टाकले. चीफकाकांना व्हॉट्सअॅपचा कंटाळा. त्यांनी चार ओळींचं पत्र हाताने लिहिलं, त्याच्या प्रती काढल्या आणि ज्येष्ठ नागरिकांचं सवलतीचं कार्ड घेऊन घरोघरी निघाले. आज सेंगकांग, उद्या पुंगोल, परवा बिशान. घरात गेले की आधी चहा. चहा होईपर्यंत त्यांचं लक्ष कुठल्या तरी आवाजाकडे जायचं. वॉशिंग मशीन चालत असेल तर उठून त्याला हात लावायचे. मग पिशवीतून पाना निघायचा. पत्राचा विषय निघायचाच नाही, किंवा दारात चपला घालताना निघायचा.

मी फोन करून मतांचा अंदाज घ्यायला लागले तेव्हा विचित्र उत्तरं यायला लागली. सेंगकांगच्या एका बाईंनी सांगितलं की तुझं म्हणणं सगळं पटतं, पण काकांनी आमचा किचनमधला पंखा दुरुस्त केलाय, आता त्यांच्याविरुद्ध मत कसं द्यायचं. दुसऱ्या एका घरी नळ होता. तिसऱ्या घरी त्यांनी काहीच दुरुस्त केलं नव्हतं, फक्त फ्रिजला हात लावून वर्षभर टिकेल असं सांगितलं होतं, आणि त्या घरचे त्यावर खूष होते.

मी त्यांना सरळ म्हटलं की काका, याला मतदारांना आमिष दाखवणं म्हणतात. त्यांना धक्काच बसला. मग म्हणाले की बिघडलेलं तसंच सोडून यायचं का. दोन दिवसांनी ते आमच्याही घरी आले, ठरावाची लेखिका मीच हे ठाऊक असून. आमचा बेडरूमचा पंखा बरेच दिवस खडखडत होता. तो त्यांनी गप्प केला. निघताना म्हणाले, "मत तुझं तुझ्याकडे. पंख्याच्या बदल्यात काही मागत नाही मी."

त्या रात्री त्या पंख्याखाली मला नीट झोप लागली, याचाच राग आला.

सभेच्या कामासाठी एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. आम्ही सभासदांची यादी पडताळत होतो तेवढ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मुलगी पर्थला असते. काका उठून सरळ उभे राहिले आणि इंग्रजीत बोलायला लागले. तिकडे तापमान किती. जेवण वेळेवर होतं का. गाडीचं ऑइल बदललं का. प्रत्येक उत्तराला "नोटेड" म्हणायचे. तीन मिनिटांत फोन संपला. कुणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, दोन बोटी एकमेकींना रस्ता विचारतायत.

ते बाल्कनीकडे गेल्यावर काकूंनी मला हळूच सांगितलं की मुलीला मराठी येत नाही. कळतं थोडं, बोलता येत नाही. ती लहान होती तेव्हा हे वर्षातले आठ महिने पाण्यावर. काकू शिपिंगच्या ऑफिसात कामाला, पोरगी दिवसभर पाळणाघरात. आणि यांच्या इंग्रजीत प्रेमाचा एक शब्द नाही, सगळे शब्द इंजिनरूमचे. काकूंनी हे हसत सांगितलं. मीही हसले. घरी जाताना बसमध्ये मात्र माझ्या लक्षात आलं की रॅफल सुरू झाली ते साल त्यांची मुलगी सिंगापूर सोडून गेली त्याच्या पुढचं होतं.

मतदान घ्यायचं कुणी, यावर कार्यकारिणीत चर्चा झाली. निवडणूक अधिकारी तटस्थ हवा. पण मंडळात तटस्थ माणूस उरला नव्हता. शेवटी मीच चीफकाकांचं नाव सुचवलं. ते ठरावाच्या विरोधात आहेत हे सगळ्या सिंगापूरला माहीत होतं, आणि तरी मतं तेच बरोबर मोजतील याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. अध्यक्षांनीही मान हलवली.

काकांनी मतदानाचे अकरा नियम लिहिले. पेन्सिल चालणार नाही. घडी एकच आणि आडवी. दुसऱ्याच्या वतीने मत नाही. शेवटचा नियम असा की मतपत्रिकेवर बरोबरची खूण सोडून दुसरं काहीही लिहिलेलं आढळलं तर ते मत बाद. सभेच्या आधीच्या रविवारी शाळेत त्यांनी पालकांना नमुना मतपत्रिका वाटून प्रात्यक्षिकही घेतलं. नमुन्यावर प्रश्न होता, 'चहा हवा का?' त्यात चौदा मतं बाद झाली. एकाने 'साखर कमी' असं लिहिलं होतं.

खऱ्या मतपत्रिकेवरचा प्रश्न घटनेच्या भाषेत होता: 'रॅफलचे उत्पन्न केवळ शाळेकरिता राखून ठेवणारे कलम शिथिल करावे काय?' हो किंवा नाही. मी म्हटलं, सोप्या मराठीत लिहू. काकांनी नकार दिला. घटनेतले शब्द बदलले तर आपण काय बदलतोय तेच कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. परिणाम असा झाला की सभेच्या दिवशी सकाळपासून माणसं एकमेकांना विचारत होती, शाळा हवी असेल तर 'हो' की 'नाही'. एका आजोबांनी सभागृहात उभं राहून तोच प्रश्न चीफकाकांना विचारला. काकांनी सांगितलं की निवडणूक अधिकाऱ्याला सल्ला देता येत नाही, प्रश्न पुन्हा वाचून दाखवता येईल. त्यांनी तो तीनदा वाचून दाखवला. आजोबा म्हणाले, समजलं, आणि जाऊन मत देऊन आले. बाहेर येऊन त्यांनी मला सांगितलं की शाळेला मत दिलं, 'हो' वर खूण केली.

ते मत माझ्या ठरावाला गेलं होतं. मी गप्प बसले. हे मला आजही सांगायला बरं वाटत नाही.

मतदान संपेपर्यंत मिसळ मिळणार नाही असं अध्यक्षांनी जाहीर केलं होतं, त्यामुळे उपस्थिती चांगली होती. एक्क्याण्णव मतं पडली. प्रत्येक मतपत्रिका देताना काका तिच्या फाडून ठेवायच्या तुकड्यावर सही करत होते. स्वतःचं मत त्यांनी सगळ्यात शेवटी दिलं. मग पेटी उलटी केली, सगळ्यांना आतून रिकामी दाखवली आणि मोजायला बसले. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला अध्यक्ष. ते प्रत्येक कागद उलगडून वर धरायचे, मोठ्याने वाचायचे आणि ढिगावर ठेवायचे. हो. नाही. हो. हो.

शेवटी 'हो'चा ढीग साठचा झाला, 'नाही'चा तीसचा आणि काकांच्या हातात एक कागद उरला. मी मनात हिशेब केला. एक्क्याण्णवच्या दोन तृतीयांशाला एकसष्ट लागतात. उरलेला कागद 'नाही' असला तर ठराव पडतो. 'हो' असला तर पास होतो. मागे मिसळीचा वास सुटला होता, पण कुणी हललं नाही.

काकांनी कागद उलगडला. नेहमीसारखा वर धरला नाही. चष्मा काढून पुसला, परत लावला. मी बाजूलाच होते, मला दिसलं. 'नाही'समोर ठळक बरोबरची खूण होती. खाली सही होती. लांबलचक, खाली रेघ ओढलेली. आणि सहीखाली वेळ: ११.४०.

चाळीस वर्षं ज्या हाताने प्रत्येक पाळीला लॉगबुकात नोंद करून खाली सही आणि वेळ घातली, त्या हाताने शंभरेक सह्या केल्यावर समोर आलेल्या शेवटच्या कागदावरही आपलं काम केलं होतं.

काकांनी कागद सभेला दाखवला. "हे मत बाद," ते म्हणाले. "नियम अकरा."

मागून कुणीतरी विचारलं की मत कुणाचं.

"माझं," चीफकाका म्हणाले.

काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी कपाळाला हात लावला. अध्यक्ष काकांच्या कानाशी वाकून म्हणाले की हे सगळ्यांसमोर झालंय, चूक उघड आहे, मत धरून टाकू. मीही तेच म्हटलं. खरंच म्हटलं. ठराव माझा होता, पण असा जिंकायचा नव्हता. सभागृहातूनही आवाज आले की काकांना दुसरा कागद द्या.

काका उभे राहिले. त्यांनी सांगितलं की प्रात्यक्षिकाच्या वेळी 'साखर कमी' लिहिणाऱ्याचं मत त्यांनी बाद केलं होतं. त्याने काही वाईट लिहिलं नव्हतं. त्याला एक नियम आणि मला दुसरा असं करता येणार नाही. मग त्यांनी निकाल वाचला. वैध मतं नव्वद. हो साठ, नाही तीस. साठ म्हणजे नव्वदाचे बरोबर दोन तृतीयांश. घटनेत 'किमान' लिहिलं आहे, म्हणून ठराव मंजूर. निकालाच्या कागदावर त्यांनी सही केली, वेळ घातली आणि पेन माझ्यापुढे केलं. मिसळ घ्यायला ते रांगेत सगळ्यांच्या मागे उभे राहिले. प्रत्येक जण त्यांना पुढे बोलवत होता, ते गेले नाहीत.

काकूंनी घरी काय बोलणी ऐकवली ते मला त्यांनीच नंतर सांगितलं. महिनाभर किराण्याच्या यादीखाली काकांची सही घेतल्याशिवाय त्या बाजारात गेल्या नाहीत.

मला वाटलं, आता ते रॅफल सोडतील. तसं झालं नाही. दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला की तिकिटं छापून आलीत, सोमवारी सकाळी सहाला स्टेशनवर ये, यंदा पैसे मंडळाचे आहेत तर मंडळाचा माणूस बरोबर हवा.

मी गेले. बस लागलेल्या होत्या. कोल्हापूरकडचा एक तरुण इंजिनिअर धावत आला, काकांना पाहून थांबला, पाकीट काढलं आणि सवयीने म्हणाला, "शाळेसाठी ना काका?"

"यंदा नाही," काका म्हणाले. "यंदा मंडळाच्या तुटीसाठी."

कसली तूट, असं त्याने विचारलं. नाटकाची, असं काकांनी सांगितलं. नाटकाला तू आला होतास का, असंही विचारलं. तो आला नव्हता. त्याने पाकीट खिशात ठेवलं, घड्याळ पाहिलं आणि बसमध्ये चढला.

तासाभरात असं बारा वेळा झालं. मी काकांना म्हटलं की लोकांनी विचारलं तर सांगा, आपण होऊन कशाला सांगायचं. ते म्हणाले की न विचारणारा माणूस शाळेसाठी घेतोय असं धरून चाललाय, त्याला न सांगणं म्हणजे फसवणं. मग मी स्वतः दोन तिकीटबुकं घेऊन तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टेबलांपासून माझ्या ऑफिसच्या पँट्रीपर्यंत हिंडले. तुम्हीही कधी करून बघा. विमानाच्या तिकिटाची, राइस कुकरची लालूच दाखवून रॅफल खपत नाही हे तेव्हा कळतं. माझ्याकडे त्यांच्यासारखं वाक्य नव्हतं. 'तुम्हाला लागलं नाही तर तुटीला लागलं' असं कुणाला म्हणणार?

त्या वर्षी दरवर्षीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी तिकिटंही खपली नाहीत. तूट होती तिथेच राहिली आणि शाळेची खोली गेली. वर्ग एका इमारतीच्या तळमजल्यावर, मोकळ्या जागेत भरायला लागले. शेजारी सायकली, पलीकडे कॅरमचा अड्डा. मुलं चाळीसची पंधरा झाली. माझी मुलगी तिसऱ्या रविवारी इथल्या लहेजात म्हणाली, "आई, काही ऐकूच येत नाही, सो नॉइझी लाह," आणि जायची थांबली. मी तिला रागावू शकले नाही.

चीफकाका मला एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. दर रविवारी तिथे येऊन एका खांबापाशी उभे राहायचे. त्या इमारतीतल्या दोन डिलिव्हरीवाल्यांशी त्यांनी दोस्ती केली, त्यांच्या मोटरसायकलींची काहीतरी कुरबुर काढून दिली, आणि वर्ग सुरू असताना ती पोरं गाडी शंभर पावलं ढकलत नेऊन मग चालू करायला लागली.

वर्षाच्या शेवटी मी जुनं कलम परत आणण्याचा ठराव लिहिला, आणि त्याच्याबरोबर वर्गणीवाढीचा. दोन्ही कागद घेऊन हौगांगला गेले. मला हवं होतं की काकांनी अनुमोदन द्यावं आणि मतदानही त्यांनीच घ्यावं. घरात खोके बांधलेले होते. काकू वर्तमानपत्रात वाट्या गुंडाळत होत्या.

काकांनी ठराव दोनदा वाचला. "बरोबर आहे," म्हणाले. पण सभेला ते नसणार होते. तीन आठवड्यांत दोघं पर्थला निघणार होती, मुलीकडे, कायमची. तिला मुलगी झाली होती, आता दहा महिन्यांची. मी म्हटलं, महिनाभर थांबून सभा करून जा.

"नाही जमायचं," ते म्हणाले. "ती बोलायला लागायच्या आत पोहोचायला हवं. हिच्या आईच्या वेळी मी समुद्रावर होतो. परत आलो तेव्हा बोलणं सुरू झालेलं होतं."

काकूंनी वाटी गुंडाळता गुंडाळता सांगितलं की हे तिला पहिला शब्द 'प्रेशर' शिकवणार, बघ. काका म्हणाले की 'आजी' शिकवणार आहे, पण तो कठीण पडला तर 'पाना'.

दोन्ही ठराव मंजूर झाले. वर्गणीवाढीच्या वेळीही या खेपेला छताकडे कुणी पाहिलं नाही. मी आलेख दाखवले नाहीत, स्टेशनवरची ती सकाळ फक्त सांगितली. काकांना निकाल कळवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: नोटेड.

पुढच्या वर्षी तिकीटबुकं माझ्याकडे आली. एका संध्याकाळी हौगांगमध्ये काकांच्याच जुन्या इमारतीत एका मराठी घरी तिकिटं देऊन मी परत निघाले होते. नवव्या मजल्यावर लिफ्ट थांबली, दार उघडलं, आत कुणी आलं नाही. मी उगीचच बाहेर पडले. त्यांच्या फ्लॅटसमोर कुणाच्या तरी लहान मुलांचे बूट होते. शेजारच्या दाराच्या लोखंडी जाळीमागे एक चिनी आजीबाई बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्या हातातल्या तिकीटबुकावर गेली आणि त्यांनी मला खुणेने बोलावलं.

त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून मला समजलं ते असं. अंकल ऑस्ट्रेलियाला गेले हे त्यांना माहीत आहे, पण यंदा आपलं तिकीट का आलं नाही? दरवर्षी त्या तीन घेतात. मी तीन दिली. पैसे कशासाठी आहेत हे सांगायची आता मलाही सवय झाली होती, पण मी सुरुवात करताच त्यांनी हात हलवला. अंकलनी सांगितलं होतं. मुलांनी आजीशी बोलावं म्हणून. त्यांना स्वतःला चार नातवंडं. ती शाळेतली इंग्रजी आणि मँडरिन बोलतात, या तेओच्यू ही जुनी चिनी बोली बोलतात. रविवारी सगळी येतात, हॅलो म्हणतात, आणि मग सगळे मिळून टीव्ही बघतात.

तिकिटं त्यांनी उशीखाली ठेवावीत तशी मांडीखाली सरकवली. मी निघाले तेव्हा त्यांनी बोट वर करून मला थांबवलं, जरा आठवल्यासारखं केलं आणि एकेक अक्षर सावकाश उच्चारत विचारलं, "जेवलात का?"

मी सवयीने "नाही अजून" म्हणून गेले. 'अजून' त्यांना माहीत नसावं. 'नाही' माहीत होतं. त्या उठल्या आणि जाळीच्या दाराचं कुलूप काढायला लागल्या.